सराईच्या रजिस्टरपासून आधारपर्यंत: बाबासाहेबांनी मागितलेले कलम आणि आपले मौन



मागच्या महिन्यात एका अभ्यासवर्गात खाजगीपणाच्या हक्काचा विषय निघाला. चळवळीत पंचवीस वर्षे घालवलेला एक कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, "हे सगळे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे खूळ आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात, तिथे कसली आली प्रायव्हसी? आपल्या लोकांना रेशन पाहिजे, घरकुल पाहिजे, शिष्यवृत्ती पाहिजे. त्यासाठी सरकारने अंगठा मागितला तर द्यायचा, डोळा मागितला तर डोळा दाखवायचा." टाळ्याही पडल्या. मला त्या टाळ्यांचे वाईट वाटले. कारण नेमका हाच युक्तिवाद भारत सरकारच्या वकिलाने सर्वोच्च न्यायालयात केला होता आणि तिथे तो फेटाळला गेला. न्यायालयात हरलेला सरकारचा युक्तिवाद आपल्याच अभ्यासवर्गात टाळ्या घेतो, याचा विचार झाला पाहिजे.

सुरुवात बडोद्यापासून करू. परदेशातून शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सराईत आसरा मिळाला, तोही एका अटीवर. सराईच्या रजिस्टरमध्ये नाव लिहावे लागत होते आणि ते नाव पारशी असायला हवे होते. म्हणून खोटे नाव लिहिले गेले. रोजचे दीड रुपया भाडे देऊन ते तिथे राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. हा माणूस कोण आहे, हे त्यांना कळले होते. संध्याकाळपर्यंत सराई सोडावी लागली. त्यानंतर बडोद्यात त्यांना कोणी खोली दिली नाही.

ही कथा आपण अस्पृश्यतेची कथा म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण तिच्यात एक रजिस्टर आहे, एक रकाना आहे आणि त्या रकान्यातली माहिती कोणाच्या हातात पडते त्यावर एका माणसाची सुरक्षितता अवलंबून आहे. आपल्यासाठी खाजगीपणाचा अर्थ एवढाच आहे: मी कोण आहे हे कोणाला, कधी, कशासाठी कळावे यावर माझा ताबा असणे. बेडरूमचे दार लावण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगताना ज्याची जीभ अडखळली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आता राजकारणी आणि घटनाकार म्हणून बाबासाहेबांची भूमिका काय होती ते पाहू. मार्च १९४७ मध्ये त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे ठेवले. त्यातल्या जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाबद्दल आणि स्वतंत्र वसाहतींबद्दल आपण पुष्कळ बोलतो. त्यातच आणखी एक कलम होते. लोकांचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती आणि जप्ती होता कामा नये, आणि सबळ कारण असल्याशिवाय वॉरंट निघता कामा नये, असा त्याचा आशय. अमेरिकेच्या घटनेतल्या चौथ्या दुरुस्तीची ही सावली आहे, हे उघड आहे. उपसमितीच्या मसुद्यात हे कलम आलेही. मग अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बेनेगल नरसिंह राव यांनी हरकत घेतली. मुख्य म्हणणे असे की याने पोलीस तपासात अडथळा येईल. सल्लागार समितीत ते कलम गळाले.

गोष्ट तिथे संपली नाही. ३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती मांडली. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी ती नाकारणे सोपे होते. फौजदारी प्रक्रिया संहितेत हे आधीच आहे, असे म्हणून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी ते म्हटलेही, पण पुढे जाऊन सांगितले की उद्याचे एखादे विधिमंडळ ही तरतूद काढून टाकू शकते, आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ती इतकी महत्त्वाची आहे की ती विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणेच इष्ट. म्हणून ही दुरुस्ती स्वीकारायला आपण तयार आहोत, असे त्यांनी सांगितले. सभागृहात गोंधळ झाला, मतदान पुढे ढकलले गेले आणि शेवटी दुरुस्ती नामंजूर झाली.

या एका पराभवाची किंमत काय झाली? १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी म्हटले की अमेरिकेसारखी झडतीविरोधी तरतूद आपल्या घटनाकारांनी घातलेली नाही, तेव्हा ती ओढूनताणून आणता येणार नाही. १९६२ मध्ये खरक सिंग खटल्यात रात्री-बेरात्री घरी येऊन दार ठोठावणारी पोलिसांची पाळत न्यायालयाने रद्द केली. पण खाजगीपणाचा हक्क घटनेने दिलेला नाही, असेही बहुमताने नोंदवले. पुढच्या काळात न्यायालये हळूहळू हा हक्क मान्य करत गेली, तरी जुने निकाल उभेच होते. २०१५ च्या जुलैमध्ये आधारच्या खटल्यात तत्कालीन महान्यायवादी मुकुल रोहतगी यांनी हेच दोन निकाल हातात घेऊन सांगितले की भारतीय नागरिकाला खाजगीपणाचा मूलभूत हक्क नाही. बाबासाहेब जे कलम स्वीकारायला तयार होते ते नामंजूर झाले, म्हणून घटनाकारांना हा हक्क नकोच होता, असा अर्थ सदुसष्ट वर्षांनी भारत सरकारने लावला. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर फुले वाहणारे हेच सरकार.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सांगितले आणि ते दोन जुने निकाल त्या मर्यादेत मोडीत काढले. त्याच सुनावणीत तेव्हाचे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी मांडले होते की विकसनशील देशात गरिबाच्या पोटाचा प्रश्न मोठा, खाजगीपणा हा मूठभरांचा विषय. न्यायालयाने उत्तर दिले की गरिबाला फक्त भाकरी हवी असते आणि नागरी हक्क नको असतात, हे गृहीतकच चुकीचे आहे. आमच्या अभ्यासवर्गातल्या दादांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "न्यायाधीशांनी कधी रेशनच्या रांगेत उभे राहून पाहिले आहे का?" प्रश्न बरोबर आहे. त्याकडे मी येणारच आहे.

त्याआधी राजकारण्यांबद्दल थोडे. आधार हे एका पक्षाचे पाप नाही. २००९ मध्ये काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या सरकारने कोणताही कायदा न करता, निव्वळ कार्यकारी आदेशाने आधारचे प्राधिकरण उभे केले. २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला आधार क्रमांक दिला गेला तो आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, एका आदिवासी बाईला. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी समोर होते. प्रयोग सुरू करायला आदिवासी वस्तीच का निवडली, हा प्रश्न तेव्हा आपल्याकडे फारसा कोणी विचारला नाही. २०११ मध्ये संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने आधारचे विधेयक नाकारले. अध्यक्ष होते भाजपचे यशवंत सिन्हा. २०१४ च्या प्रचारात नरेंद्र मोदी यांनी आधारच्या सुरक्षिततेवर प्रश्न उभे केले, यात दृष्टी नाही, नुसता राजकीय देखावा आहे, असे सुनावले. सत्तेत आल्यावर दोन वर्षांच्या आत, मार्च २०१६ मध्ये, त्यांच्याच सरकारने आधार कायदा अर्थविधेयक म्हणून रेटला, म्हणजे राज्यसभेच्या दुरुस्त्यांना किंमत उरली नाही. विरोधात असताना नागरिकाची काळजी आणि सत्तेत आल्यावर नागरिकाच्या बोटांचे ठसे, हा दोन्ही बाजूंचा शिरस्ता आहे. बाबासाहेबांचे वेगळेपण इथे दिसते. १९४८ मध्ये ते कायदामंत्री होते, मसुदा त्यांच्या हातात होता, तरी सरकारच्या हाताला बेडी घालणारी दुरुस्ती ते स्वीकारायला तयार झाले.

आणि तरीही आपण भक्त होऊ नये. त्याच बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये आजचे कलम २२ आणले. त्यात अटक झालेल्याला वकिलाचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क आहे, आणि त्यातच प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला जागाही आहे. कलम २१ मध्ये 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' हे शब्द राहिले नाहीत, त्याची थोडी भरपाई म्हणून आपण हे आणतो आहोत, अशी त्यांची भूमिका होती. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत भाषणस्वातंत्र्यावर वाढीव बंधने आली, तिचे समर्थनही त्यांनी कायदामंत्री म्हणून केले. मला ती भूमिका पटत नाही. सत्तेतला माणूस किती ओढला जातो, हे त्यांच्याबाबतीतही तपासले पाहिजे. ते लपवून आपले काही भले होणार नाही.

सरकारी नोंदवह्या आपल्या लोकांना नव्या नाहीत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची रजिस्टरे उघडली. १९११ च्या कायद्यात बोटांचे ठसे घेण्याची सोय झाली. या देशात अख्ख्या समाजाच्या बोटांचे ठसे सरकारने पहिल्यांदा घेतले ते पारधी, कैकाडी अशांचे. त्यांना हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे, सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारेच्या सेटलमेंटमध्ये राहावे लागे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले आणि पोलीस ठाण्यातली वही तशीच राहिली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की मागास समाजातल्या, अनुसूचित जाती-जमातींतल्या निरपराध माणसांची नावे पूर्वग्रहातून हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे चढवली जाऊ नयेत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तुरुंगातल्या कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला. पंचाहत्तर वर्षे त्या रकान्यावरून कोणी झाडू मारायचा आणि कोणी स्वयंपाक करायचा हे ठरत होते.

आता ती वही संगणकात गेली आहे, एवढाच फरक. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्यानुसार अटक झालेल्यांचे ठसे, बुबुळांचे चित्रण, छायाचित्रे घेता येतात आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे पंचाहत्तर वर्षे ठेवता येतात. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे, पण सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर. आपल्याकडे खटला किती वर्षे चालतो? ३ जानेवारी २०१८ च्या बंदनंतर आपल्या वस्त्यांतल्या शेकडो पोरांवर गुन्हे दाखल झाले. त्यांतली काही माझ्या ओळखीची आहेत. एकाला खाजगी सुरक्षारक्षकाची नोकरी लागत होती, चारित्र्य पडताळणीत ती गेली. त्याने दगड मारला होता की नाही हे कोणत्याही न्यायालयाने अजून ठरवलेले नाही. संगणकाने ठरवून टाकले.

आणि झडतीचे म्हणाल तर, २८ ऑगस्ट २०१८ ला पुणे पोलिसांनी गोव्यातल्या आनंद तेलतुंबडे यांच्या घरी धाड घातली. घरात कोणी नव्हते. सुरक्षारक्षकाकडून दुसरी किल्ली घेऊन, वॉरंट नसताना घर उघडले, असे तेलतुंबडे यांनी स्वतः जाहीरपणे लिहिले आहे. त्याच दिवशी हैदराबादेत प्राध्यापक के. सत्यनारायण यांच्या घरी झडती झाली. घरात देवांऐवजी फुले-आंबेडकरांच्या तसबिरी का, असे आपल्याला विचारले गेले, हे त्यांनी माध्यमांना सांगितले. शरीर, घर, कागदपत्रे, चीजवस्तू: १९४७ च्या त्या कलमातला एकेक शब्द घ्या आणि या दोन घरांशी ताडून पाहा. तेलतुंबडे यांच्या पत्नी बाबासाहेबांच्या नात आहेत. तेलतुंबडे शरण गेले ती तारीख १४ एप्रिल २०२०. जामिनावर बाहेर आले ती २६ नोव्हेंबर २०२२. तारखा कोणी मुद्दाम निवडल्या नसतील, पण आपण त्या विसरू नयेत. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. संघटनाच बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार देणारा हा कायदा आणि आपल्या संघटनांच्या याद्या, व्हॉट्सअॅप गट, देणगीदारांची नावे हे सगळे एकत्र ठेवून विचार करा.

आता रेशनची रांग. मी ज्या तालुक्यात काम करते तिथे एक आजी आहेत. आयुष्य वीटभट्टीवर आणि निंदणीत गेले. बोटांच्या रेषा झिजून गेल्या आहेत. निराधार योजनेच्या पैशासाठी अंगठा लावायला जातात, यंत्र लाल दिवा दाखवते. तीन वेळा हेलपाटे घातल्यावर चौथ्या खेपेला तिथल्या माणसाने त्यांना सांगितले, "आजी, तुम्ही तुम्ही नाही आहात असे मशीन म्हणते." तो थट्टेने बोलला असेल. आजी मात्र घरी येऊन दोन दिवस जेवल्या नाहीत. ठसा जुळला नाही तर दुसरा मार्ग द्यावा, अशा सरकारी सूचना आहेत. त्या कागदावर आहेत आणि आजी रांगेत आहेत. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी गेली. रेशनकार्ड आधारला जोडले नाही म्हणून धान्य बंद झाले होते आणि ती उपाशी मेली, असे तिच्या आईने सांगितले. प्रशासनाने आजाराचे कारण पुढे केले. तेव्हा दादांच्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे: अंगठा दिला की भाकरी मिळते, हा सौदाच खोटा आहे. अंगठा घेतला जातो आणि भाकरी अडते. घटनेने जे हक्क म्हणून दिले ते यंत्राच्या मर्जीवर गेले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने योजनांसाठीची आधारसक्ती कायम ठेवली. न्यायमूर्ती चंद्रचूड यांचे विरोधी मत आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात वाचले जायला हवे.

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. आपण तर जातनिहाय जनगणना मागतो. मग सरकारला माहिती देऊ नका, असे कसे म्हणायचे? बाबासाहेब स्वतः आकड्यांचे माणूस होते. १९३२ च्या लोथियन समितीत अस्पृश्यांची संख्या कमी दाखवण्याची धडपड सवर्णांनी कशी केली, हे त्यांनी जवळून पाहिले. मोजले गेलो नाही तर आपण नाहीच, असे ठरते. ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचे जाहीर केले, ते आपल्या लढ्याचेही यश आहे. पण मोजणे वेगळे आणि पाळत ठेवणे वेगळे. १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ सांगते की जनगणनेत दिलेली तुमची माहिती कोणालाही पाहायला मिळणार नाही आणि ती पुरावा म्हणून वापरता येणार नाही. तिथे तुमचे उत्तर आकड्यात विरघळते. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही मात्र नागरिकत्व कायद्याच्या २००३ च्या नियमांवर उभी आहे, तिच्यात नाव नावाला चिकटून राहते आणि तिच्यातून नागरिकत्वाची यादी काढता येते. गणक दारात आला की 'बौद्ध' आणि आपली अनुसूचित जात दोन्ही निर्धास्त लिहा. पण त्याच्या हातात जनगणनेचा फॉर्म आहे की दुसरा काही, हे आधी विचारा. यावेळी सगळे मोबाइलवर होणार आहे, म्हणून तर जास्तच विचारा.

उलट बाजू पाहा. आपल्यावर नजर वाढते आहे आणि सरकारवरची आपली नजर मात्र बंद होते आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा ठेवली. त्याच कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना अधिकाऱ्याला सांगावे लागे की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही. आता 'वैयक्तिक' एवढे म्हटले की पुरे. कलम ८(२) मधला जनहिताचा आधार अजून शिल्लक आहे, अर्जात तो आवर्जून लिहा. शिष्यवृत्तीचे बोगस लाभार्थी, घरकुलाच्या याद्या, खोट्या जातप्रमाणपत्रावर नोकरी पटकावणारे, हे सगळे आपण माहिती अधिकारातून बाहेर काढत आलो. आता उत्तर येईल: ही वैयक्तिक माहिती आहे. जातवैधता काढताना आपल्या पोरांची चार पिढ्यांची वंशावळ, आजोबांचा शाळेचा दाखला, सगळे टेबलावर मांडावे लागते. तिथे कोणाला खाजगीपणा आठवत नाही. घोटाळ्याच्या यादीतल्या नावांना मात्र तो आठवतो.

शेवटी घरचेच. आपल्या शिबिरांच्या नोंदणी अर्जात आधार क्रमांकाचा रकाना कशाला असतो? आपण झेरॉक्स गोळा करतो, फोटो काढून गटात टाकतो, आणि ती फाइल पुढे कुठे जाते हे कोणाला माहीत नसते. मागच्या शिबिराला आमच्या गटाने तो रकाना काढला. नाव, गाव, फोन नंबर, आणि शिबिर संपल्यावर कागद जाळायचे, असे ठरले. पहिल्याच बैठकीत एका मुलाने विचारले, "मग ताई, आत कोण येतो-जातो हे कळणार कसे?" त्यावर दोन तास वाद झाला. तो मुलगा खबऱ्यांच्या भीतीने बोलत होता, आणि त्याची भीतीही खोटी नाही. पुढच्या बैठकीत तो विषय पुन्हा ठेवला आहे. कागद मात्र जाळले.